न केलेल्या कामांची वाइन

उद्याराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते गावानं कधी वापरलं नाही. काहीही विचारा, कुठलंही काम सांगा, या माणसाचं उत्तर एकच: "उद्या." तेव्हा लोक आधी नुसतंच 'उद्या' म्हणायचे. पुढे पोट सुटलं, केस पिकले, आणि लोकलाजेस्तव त्यापुढे 'राव' लागलं. मान वाढला, काम होतं तेवढंच राहिलं.

माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला फारशी जागा मिळणार नाही. दारूचं व्यसन नाही, जुगार नाही, कोणाशी भांडण नाही. भांडायलाही उठावं लागतं. घराच्या छपराला भोक पडलं तेव्हा त्यांनी खाली बादली ठेवली. काही वर्षांनी बादलीला भोक पडलं, तेव्हा बादलीखाली पातेलं ठेवलं. आता पातेल्याला काही होईपर्यंत आपल्याला बघायचं कारण नाही, अशा समाधानानं ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

ही खुर्ची घराच्या बाहेरच्या जिन्याशी असायची. जिना चढून वर गेलं की स्वयंपाकघर, आणि खुर्चीच्या अगदी हाताशी तळघराचं दार. उद्यारावांनी ही जागा विचार करून निवडली असेल असं वाटत नाही. एकदा टेकले, ते तिथेच राहिले.

लग्नाचंही तसंच. लग्न करू या का, असं तिनंच विचारलं होतं. हे म्हणाले, "उद्या सांगतो." तिला वाटलं, विचारी माणूस दिसतोय. पुढे ती म्हणायची, "माणूस ओळखण्यात मी जन्मात एकदाच चुकले, पण तेवढ्यानंच जन्माचं काम झालं."

आता त्या वेलींचं सांगायला हवं. गावाबाहेरच्या खडकाळ उतारावर उद्यारावांच्या आजोबांनी पांढऱ्या द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. वेली म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. दिसायला ती झुडपंच. ना खांब, ना तार, ना मांडव. गुडघ्याएवढा पिळवटलेला बुंधा, त्यातून चार फांद्या वर गेलेल्या, आणि त्यांची पानं छत्रीसारखी सगळीकडून खाली पडलेली. त्या पानांच्या आत हात घातला तर दोन-चार घड लागायचे, बारीक मण्यांचे, जणू झाडानं हात आखडता घेऊन दिलेले. दरवर्षी झाडं म्हातारी होत होती आणि दरवर्षी घड कमी होत होते.

गावातल्या बाकीच्यांनी असल्या वेली केव्हाच उपटल्या. नवी जात आणली, तारा ताणल्या, पाण्याचे पाइप फिरवले. त्यांचे घड छातीच्या उंचीवर लोंबायचे, तोडणारा गाणी म्हणत चालायचा, आणि ट्रॉल्या भरभरून जायच्या. उद्यारावांच्या वडलांनीही मुलाला सांगितलं होतं, "या काढ. तारा लाव. नाही तर वाकून वाकून कंबर मोडेल." उद्याराव म्हणाले होते, "उद्या." म्हातारा त्यावर एवढंच म्हणाला, "तुझ्या हातून काही व्हायचं नाही," आणि थोड्याच वर्षांत निघून गेला.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. कंबर मोडली. फक्त ती उद्यारावांची नव्हती.

कारण वेलीला 'उद्या' समजत नाही. ऐन थंडीत छाटणी झाली नाही तर झाड रानटी होतं, उन्हाळ्याच्या तोंडाला गंधक मारलं नाही तर पानांवर भुरी चढते. गुडघ्याएवढ्या झाडाची छाटणी करायची म्हणजे दिवसभर ओणवं राहायचं. बायको सकाळी कात्री घेऊन जायची ती संध्याकाळी तशीच वाकलेली घरी यायची, आणि जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी सरळ होत जायची. उद्याराव खुर्चीतून कळवळून म्हणायचे, "अगं, एवढं कशाला करायचं? उद्या मी आलोच असतो." त्यांना ते मनापासून वाटायचं. तीच तर पंचाईत होती.

तोडणी तिची, दाबणी तिची. उद्यारावांच्या नावावर एकच काम होतं: तळघरात रस पिंपात पडला की बूच मारायचं. ते मात्र ते स्वतः मारायचे आणि म्हणायचे, "झाली बरं का यंदाची वाइन." आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या त्या तरी किती ऐटीत!

शेवटी एका वर्षी बायकोची कंबर अशी धरली की तिला खाली पडलेला चमचा उचलता येईना. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही, सरळ भावाला बोलावलं. भावाकडे ट्रॅक्टर होता. त्यानं उतारावर जाऊन एका बुंध्याला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "ताई, साखळी बांधायची आणि ओढायचं. एका सकाळचं काम. पुढे मी गहू टाकीन, अर्धा तुझा. दाजी, तुमचं काय म्हणणं?"

"बघू, उद्या..."

"तुम्हाला कोणी विचारलं नाहीये," बायको म्हणाली. भावानं विचारलं होतं खरं, पण ते दोघंही विसरले. तोडणी उरकली की थंडीत वेली काढायच्या, असं ठरलं.

 उद्यारावांचा जीव होता त्या वेलींवर. हसू नका. जगात तेवढी एकच गोष्ट होती जिनं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

आणि नेमक्या त्या उन्हाळ्यात टोपीवाले आले.

टोपीवाले म्हणजे शहरातले वाइनचे एक व्यापारी. डोक्यावर गवताची मोठी टोपी, गळ्यात सोन्याच्या साखळीत चष्मा. ते आले होते शेजाऱ्याकडे, ट्रॉली भरून येते त्यातली स्वस्त वाइन बघायला. शेजारी घरी नव्हता. कधी येईल म्हणून त्यांनी खुर्चीतल्या गृहस्थांना विचारलं. उत्तर काय मिळालं असेल ते सांगायला नको. ऊन मी म्हणत होतं, टोपीवाल्यांनी प्यायला पाणी मागितलं. पाणी वर स्वयंपाकघरात होतं, मध्ये पूर्ण जिना होता. तळघराचं दार हाताशी होतं. उद्यारावांनी पाहुण्याला पाण्याऐवजी गेल्या वर्षीची वाइन दिली, त्यामागे आदरातिथ्य नव्हतं, जिना होता.

टोपीवाल्यांनी घोट घेतला आणि तो गिळेचनात. गालातल्या गालात फिरवला, डोळे मिटले, टोपी काढली. मग हलक्या आवाजात, देवळात बोलावं तसं, म्हणाले, "ही कुठली?"

उद्यारावांनी उताराकडे बोट केलं.

टोपीवाले धावतच उतारावर गेले, आणि परत आले ते घामानं निथळत. "तुम्ही तारा लावल्या नाहीत!"

"राहिल्या," उद्याराव ओशाळून म्हणाले.

"पाणीसुद्धा देत नाही?"

"पाइप टाकायचा होता. राहिला."

"आणि ही गाळावरून कधी काढलीत?"

वाइन तयार झाल्यावर पिंपाच्या तळाशी गाळ बसतो. वेळेवर वाइन त्यावरून काढून घ्यावी, अशी गावातली शिस्त. उद्यारावांची मान खाली गेली. "काढायचीय. उद्या काढणारच होतो."

"म्हणजे वर्षभर गाळावरच ठेवलीत!" टोपीवाल्यांचा आवाज कापरा झाला. "आणि यीस्ट? बाहेरचं विकतचं यीस्ट?"

"दुकान बंद असतं हो, मी जातो तेव्हा."

टोपीवाल्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंय. लोक वर्षानुवर्षं शिकतात आणि तरी त्यांना हे जमत नाही. निसर्गाच्या मध्ये न येणं! केवढा संयम लागतो त्याला!"

ज्याला गाव आळस म्हणत होतं त्याला शहरात संयम म्हणतात, हे उद्यारावांना त्या दिवशी कळलं. ते खुर्चीत ताठ बसले. बाप गेल्यापासून प्रथमच त्यांना वाटलं की म्हातारा आत्ता इथे हवा होता.

टोपीवाल्यांनी सगळीच वाइन नेली. तोडणी झाली, नवा रस पिंपात पडला, पानं गळायला लागली, तेव्हा शहरातून एक खोकं आलं. आत सहा बाटल्या. जाड पांढऱ्या कागदाचं लेबल, त्यावर पिळवटलेल्या बुंध्याचं चित्र, आणि खाली सुबक अक्षरांत: 'शतायुषी वेली. माणसाचा हात न लागलेली वाइन.'

उद्याराव ते गल्लीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवत होते. बायको तळघरातून बटाटे घेऊन वर येत होती. तिनं टोपली खाली ठेवली, बाटली घेतली आणि लेबल वाचलं. एकदा वाचलं, मग बोट फिरवत पुन्हा वाचलं. मग तिनं आपले हात पाहिले. अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता. नखांच्या कडांत गंधकाचा पिवळा रंग कायमचा बसलेला. डाव्या तळव्यावर जुन्या जखमेचा वण.

"हे मग कोणाचे आहेत?" ती म्हणाली. "बैलाचे?"

"अगं, ती लिहायची पद्धत असते."

"असेल. तुम्हाला वेली ठेवायच्यात ना?"

"हो," उद्याराव म्हणाले. आजवर कुठल्याच प्रश्नाला त्यांनी इतक्या झटपट उत्तर दिलं नव्हतं.

"ठेवा. एक वर्ष दिलं. भावाला मी सांगते पुढच्या थंडीत ये म्हणून. पण लेबलावर लिहिलंय तसंच होईल. माझा हात लागणार नाही. ना वेलीला, ना पिंपाला. पुढच्या तोडणीची वाइन त्या टोपीवाल्यानं घेतली तर वेली राहतील. नाही घेतली तर ट्रॅक्टर."

उद्यारावांना हा सौदा फारच सोपा वाटला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि इथे तर बायजीला आयजी कोण हेही माहीत नव्हतं. तिनं हात लावला नाही तर काय बिघडणार? वाइन तर आपोआप होते. छापूनच आलं होतं.

त्या थंडीत बायको घरात सरळ पाठीनं बसली, आणि सरळ बसण्याची सवय व्हायला तिला काही दिवस लागले. उद्याराव उतारावर गेले. दोन झाडं छाटली, तिसऱ्याशी कंबरेतून कळ आली, आणि चौथं उद्यावर गेलं. असं करत करत कोंब फुटायच्या बेताला त्यांनी कशीबशी, घाईतल्या न्हाव्यासारखी, सगळ्यांची छाटणी उरकली. आणि मग एके दिवशी टोपीवाले नव्या वाइनची चव बघायला येणार म्हणून त्यांनी पिंपाचं बूच काढलं.

आतून जो वास आला त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काठी घालून पाहिली. पिंप वरून चांगलंच रिकामं होतं, आणि जे उरलं होतं ते फक्त काकड्या बुडवायच्या लायकीचं होतं.

ते जिना चढून वर गेले. हेच मुळात नवल. "पिंप कोणीतरी प्यायलंय," ते म्हणाले.

"पिंपच पितं," बायको बटाटे सोलत म्हणाली. "लाकूड आहे ते. रोज थोडं पितं. वर जागा झाली की हवा शिरते आणि आंबतं सगळं."

"मग इतकी वर्षं कसं काय नाही आंबलं?"

 बायकोनं हातातला बटाटा सोलला, पाण्यात टाकला, दुसरा घेतला. उद्यारावांची नजर टोपलीवर गेली. बटाटे तळघरात असायचे. बटाट्यांशेजारी एक काचेचा बुधला असायचा, राखून ठेवलेल्या वाइनचा. इतकी वर्षं तो बुधला तिथे कशाला आहे, असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. पडला असता तर उत्तर उद्या शोधलं असतं.

घरच्या खिडक्या त्या वर्षी लख्ख होत्या. काचा पुसायला एवढं व्हिनेगर गावात कोणाकडेच नव्हतं.

शहाण्या माणसानं इथे बायकोसमोर कान पकडले असते. उद्यारावांनी वेगळंच केलं. ते कामाला लागले. टोपीवाल्यांना फोन करून त्यांनी सांगितलं की या वर्षीची वाइन 'निसर्गानं परत घेतली', त्यावर टोपीवाले गहिवरून म्हणाले, "वा! मग पुढच्या तोडणीची वाट बघू. उन्हाळ्यात फोटोग्राफर पाठवतो. पुस्तिका काढतोय. घड नीट दिसू देत."

घड नीट दिसू देत. एवढ्या चार शब्दांनी घात केला. कारण या झुडपांचे घड दिसत नाहीत. पानांच्या छत्रीत लपून राहतात, म्हणून तर त्या उघड्याबोडक्या उतारावर भर उन्हात तग धरतात. तारांवरच्या वेली बघणाऱ्यासाठी असतात, या स्वतःसाठी. पण फोटोत आपण आणि मागे नुसता पाला, हे उद्यारावांना कसं चालावं? इतक्या वर्षांत कोणी फोटो काढायला आलं नव्हतं. ते पहाटे उठले. गल्लीनं त्यांना पहाटे पाहिलं तेव्हा शेजारणीनं घाबरून विचारलं, "घरात सगळे बरे आहेत ना?"

ते पानं खुडायला लागले. एकेक झाड उघडं करत, घड पुसून पुढे ओढत, असे दोन दिवस राबले. जन्मभराचं राहिलेलं काम त्यांनी त्या दोन दिवसांत उरकलं, आणि नेमकं जे कधीच करायला नको होतं तेच उरकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या संध्याकाळी बांधाच्या भिंतीलगतच्या चार ओळी राहिल्या. कंबर मोडून आली होती. त्या ओळींकडे बघून ते आपल्या जुन्या, खऱ्या आवाजात म्हणाले, "या उद्या."

सकाळी फोटोग्राफरचा फोन आला. "आज नाही जमत हो. उद्या येतो."

आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द उद्यारावांच्या कानात दुसऱ्या बाजूनं शिरला. कसा लागतो ते त्यांना कळलं.

फोटोग्राफर उद्या आला नाही, परवाही नाही. आलं ते ऊन. आठवडाभर उतारावरचे दगड तव्यासारखे तापले. उघडे पडलेले हिरवे मणी आधी एका बाजूनं तांबूस झाले, मग तपकिरी, मग सुरकुतले, आणि आठवड्याच्या शेवटी घडांच्या जागी वाळक्या काड्या लोंबत होत्या. उद्याराव त्या ओळींतून फिरले. जिथे जिथे त्यांचा हात लागला होता तिथे तिथे सगळं जळलं होतं. भिंतीलगत, पानांच्या छत्र्यांखाली, चार ओळी जशाच्या तशा हिरव्या होत्या.

त्या दिवशी ते उतारावर एका दगडावर बसून रडले. कोणी पाहिलं नाही. बापानं म्हटलं होतं ते शब्द त्यांना जसेच्या तसे आठवले, आणि या वेळी उत्तर द्यायला 'उद्या'ही सुचेना.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "जळलं."

"पाहिलं मी," ती म्हणाली. तिला आनंद झाला असेल असं वाटत असेल तर तुम्ही तिला ओळखलं नाही. त्या प्रत्येक झाडापुढे ती जन्मभर वाकली होती. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चार ओळींची तोडणी उद्यारावांनी एकट्यानं केली. दाबणीही. सगळ्या उतारातून एक लहानसं पिंप जेमतेम भरलं. थोडी वाइन त्यांनी बुधल्यात राखून ठेवली. आणि त्या थंडीत ते बटाटे आणायला स्वतः तळघरात जायला लागले. आधी बूच काढायचं, बोट घालून पाहायचं, बुधल्यातून काठोकाठ भरायचं, बूच घट्ट मारायचं, मग बटाटे. घरात बटाटे इतके यायला लागले की बायको म्हणाली, "अहो, आपण दोघंच आहोत." पण पुढे काही बोलली नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सांगायचं राहिलं, असं या वेळी म्हणता येणार नाही. त्यांना सांगायचंच नव्हतं.

छाटणीचे दिवस आले. ठरल्याप्रमाणे मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला, मागे साखळी खडखडत होती. तो गल्लीत उभा राहतोय तोवर टोपीवाल्यांची गाडी आली. मेहुण्यानं इंजिन चालूच ठेवलं. बायको वर स्वयंपाकघराच्या दारात आली.

टोपीवाले तळघरात गेले. घोट घेतला. टोपी काढली. डोळे उघडले तेव्हा ते पाणावलेले होते. "गेल्या वेळेपेक्षा सरस आहे," ते म्हणाले. "थोडीच आहे, पण काय आहे! मी घेतो. सगळी घेतो. लेबलं बरोबरच आणलीत." त्यांनी पिशवीतून पांढऱ्या कागदाचं भेंडोळं काढलं. 'माणसाचा हात न लागलेली.'

सौदा जिंकला होता. नुसतं 'बरं' म्हणायचं. मान हलवली असती तरी चाललं असतं, वेली वाचल्या असत्या, आणि मान हलवण्याइतकं सोपं काम उद्यारावांना दुसरं कोणी कधी दिलं नव्हतं.

ते त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचे हात पाहिले. फोड येऊन फुटले होते, बोटांना चिरा होत्या, एका नखाचा रंग काळा पडला होता. आणि त्यांना राग आला. खरं सांगायचं तर बायकोसाठी नाही, आधी स्वतःसाठी आला. दुसऱ्याच्या पाठदुखीनं कोणी शहाणा होत नाही. स्वतःची कंबर धरली की एका दुपारीत होतो.

"हात लागलाय," ते म्हणाले.

"काय?"

"हात लागलाय याला. माझा लागलाय. दर दोन दिवसांनी." ते थांबले. जिन्याकडे न बघता, खाली बघत म्हणाले, "आणि त्याआधी जी तुम्ही नेलीत, तिला हिचा लागला होता. सगळी वर्षं हिचाच. माझा लागला तिथे जळलं. लेबल बदला."

टोपीवाले समजुतीनं हसले. "अहो, हात लागलेली वाइन तर सगळ्यांकडेच असते. ती कोण घेणार?"

"मग नका घेऊ."

"विचार करा. उद्या फोन करा मला."

"उद्या नाही," उद्याराव म्हणाले. "आत्ताच सांगतोय. नाही."

टोपीवाल्यांनी टोपी डोक्यावर घातली, भेंडोळं पिशवीत कोंबलं, आणि गाडी मागे घेताना ट्रॅक्टरला घासता घासता वाचली. मेहुणा सगळं ऐकत होता. त्यानं बहिणीकडे वर पाहिलं. "ताई, म्हणजे नाही घेतली त्यानं. ठरलं होतं तसं. लावू साखळी?"

 सौदा उद्यारावांनीच मान्य केला होता. ते खुर्चीशी उभे राहिले, बसले मात्र नाहीत.

बायको जिना उतरली. कठड्याला न धरता उतरली. तळघरात गेली, पिंपाचं बूच काढलं, आत बोट बुडवून पाहिलं. काठोकाठ होतं. तिनं बोट चाटलं, बूच मारलं, बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "उद्या ये."

मेहुण्यानं इंजिन बंद केलं आणि कपाळावर हात मारला. "गेलं! आता हिलाही लागण झाली."

तो गेला. मग तिनं ती खुर्ची, त्यांची खुर्ची, उचलली, नवऱ्याच्या हातात कात्री दिली आणि पुढे चालायला लागली. उतारावर पहिल्या ओळीशी तिनं खुर्ची टेकवली आणि पाठ सरळ ठेवून तीत बसली. उद्याराव ओणवे झाले. ती बसल्या जागेवरून सांगत होती, ही फांदी ठेवा, ती काढा, अहो ती नाही, डोळे आहेत की बटणं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्याला त्यांची कंबर धरली. ते गुडघ्यांवर हात ठेवून, वाकलेल्या अवस्थेतच मान वळवून म्हणाले, "अगं, उरलेल्या..."

"आज," ती म्हणाली.